डोंबिवलीला सुचलेली संख्या

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज वही-पेन घेऊन बसा. वही हाताशी नसेल तर अंगण आहेच. रांगोळीचे ठिपके काढता येतात, तेवढ्यावर आजचं काम भागेल.

आम्ही आज एका आकड्याविषयी बोलणार आहोत. आकडा म्हटल्यावर कुणाच्या मनात दुसराच आकडा आला असेल, तर तो नव्हे. त्या आकड्यानं कितीतरी घरं धुऊन नेली. आमचा आकडा कुणाचं काही नेत नाही. तो लिहायलाही सोपा आहे. एकपासून नऊपर्यंत अंक ओळीनं लिहा आणि मग आठ, सात, सहा करत परत एकपर्यंत या. मधला नऊ एकदाच लिहायचा. झाली संख्या तयार:

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक झाले. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, सारखीच. ‘कनक’ किंवा ‘नयन’ हे शब्द कसे उलटे वाचले तरी तेच राहतात, तशी.

आता ही वाचायची कशी? आपल्या रोजच्या बोलण्यात कोटीच्या पुढे जायची वेळच येत नाही. कोटी धरून वाचायचं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. धाप लागते ना? जुन्या लोकांनी प्रत्येक घराला वेगळं नाव ठेवलं होतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा घरांची नावं आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपल्या संख्येतला डावीकडचा पहिला एक बसतो सतराव्या घरात, म्हणजे ‘मध्य’ या घरात. अजून एकच घर पुढे गेलो की परार्ध. दर सेकंदाला एक याप्रमाणे न थांबता, न झोपता या संख्येपर्यंत मोजत गेलो, तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील.

एवढी मोठी संख्या आपल्या काय कामाची, असं सभेत एका आजींनी विचारलंच. कामाची आहे, ते पुढे सांगतो. आधी ती येते कुठून ते बघू.

नऊ वेळा एक लिहा. १११११११११. या संख्येला तिनंच गुणा. उत्तर येतं ती आपली संख्या. लहानापासून सुरू केलं तर पटकन दिसेल. अकरा गुणिले अकरा १२१. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा १२३२१. चार एकांना चार एकांनी गुणलं की १२३४३२१. प्रत्येक वेळी एक पायरी वर चढते आणि एक पायरी उतरते. नऊ एकांना आपली सतरा अंकांची संख्या.

या संख्यांचं नाव आहे ‘डेमलो संख्या’. डेमलो हे एका रेल्वे स्टेशनचं नाव. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जीआयपी रेल्वेवरचं. आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो! आपल्यातल्या कितीजणी तिथं जातात. पावसाळा लागला की शेवळं, कर्टुली, टाकळा घेऊन पहाटेची गाडी पकडतात आणि स्टेशनबाहेर पोतं अंथरून बसतात. त्याच स्टेशनावर एका शाळामास्तरांना या संख्यांचा शोध घ्यायची कल्पना सुचली आणि त्यांनी स्टेशनचं नाव संख्यांना देऊन टाकलं. जगातल्या गणिताच्या पुस्तकांत हे नाव आजही आहे. डोंबिवलीच्या फलाटावर मात्र गर्दीत उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, तिथं कोण कुणाला हे सांगणार?

त्या मास्तरांचं नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात गेलं. आई ते आठ वर्षांचे असताना वारली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद, म्हणून घरात आकडेमोड चाले. माध्यमिक शाळा ठाण्यात झाली, पुढचं शिक्षण पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात. १९२९ साली पदवी मिळाली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. मोठ्या विद्यापीठातली जागा नाही, हाताखाली माणसं नाहीत. कागद, पेन्सिल आणि संख्यांचं वेड. १९३८ साली डेमलो संख्यांवरचा त्यांचा लेख गणिताच्या नियतकालिकात छापून आला आणि १९४८ साली देवळालीहून याच नावाची पुस्तिका निघाली. पुष्कळ जाणकारांना हा पोरखेळ वाटायचा. ६१७४ या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. ती त्यांनी आधीच शोधली होती, पण बाहेरच्या जगात तिचा गाजावाजा झाला तो १९७५ साली, अमेरिकेतल्या एका मासिकात मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर. तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. ६१७४ ची गंमत पुन्हा कधीतरी. आज डेमलोच.

आता पायऱ्या का पडतात? इथं अंगणात चला. नऊ ठिपके आडवे काढा, आणि त्याखाली तसेच नऊ, अशा नऊ ओळी. चौकोन झाला. ठिपके किती? नव्वे नव्वे एक्याऐंशी. आता जागेवरून उठा आणि चौकोनाच्या एका कोपऱ्यापाशी जाऊन उभ्या राहा. कोपऱ्यावरून बघितलं की रांगोळी बदलते. समोर पहिल्या तिरप्या ओळीत एकच ठिपका, मग दोन, मग तीन, असे वाढत मधोमध नऊ, आणि पुन्हा आठ, सात करत पलीकडच्या कोपऱ्यात एक. दिवाळीला आपण एक-ते-नऊ-ते-एक ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, ती हीच. ठिपके तेच आहेत, आपण उभी राहायची जागा बदलली एवढंच.

गुणाकारातही हेच होतं. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना आपण एकाखाली एक नऊ ओळी मांडतो, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो. सगळीकडे एकच एक. मग उभी बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक येतो, पुढच्या घरात दोन, पुढच्या घरात तीन. मधल्या घरात नऊ. मग एकेक ओळ संपत जाते आणि आकडा उतरत जातो. प्रत्येक एक म्हणजे एक ठिपका. म्हणूनच आपल्या संख्येच्या सगळ्या अंकांची बेरीज केली की येते ८१. करून बघा. एक ते आठ यांची बेरीज ३६, ती दोन वेळा झाली ७२, आणि मधला नऊ. चौकोनातले ठिपके मोजले काय आणि अंकांची बेरीज केली काय, एकच गोष्ट.

कापरेकर मास्तरांच्या डोळ्याला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि डेमलो संख्या कशाला म्हणायचं हे त्यांनी त्यावरूनच ठरवलं. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे उरतात १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. दोघांची बेरीज करा. एक आणि आठ नऊ, दोन आणि सात नऊ, तीन आणि सहा नऊ… आठही घरांत नऊच. मध्ये नऊ आणि दोन्ही हात जोडले तरी नऊ. १२३२१ मध्येही तसंच. मध्ये तीन, आणि १२ अधिक २१ तेहतीस. फक्त पायऱ्यांच्याच नव्हे, दुसऱ्याही संख्या अशा असतात. २५५३ घ्या. मध्ये पाच-पाच, आणि दोन टोकांची बेरीज पाच.

आणखी बरंच काही या संख्येत आहे. तिला ३७ नं भाग जातो. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एकूण ४५ आहेत. एक ते नऊची बेरीजही ४५ येते, पण तो निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नका. योगायोग कुठला आणि कारण कुठलं हे वेगळं करता आलं पाहिजे, नाहीतर माणूस ज्योतिषाच्या वाटेला लागतो.

आता खरी मजा. दहा एकांना दहा एकांनी गुणलं तर? आम्ही हा प्रश्न आमच्या सभेत टाकला, तेव्हा बहुतेकींनी सांगितलं की एक ते दहा आणि परत. नऊ वेळा तसं झालं, दहाव्या वेळी का नाही होणार? उत्तर येतं हे:

१२३४५६७९००९८७६५४३२१

आठ गायब! डावीकडून चढताना सातावरून एकदम नऊ, मध्ये दोन शून्यं. पायरी मोडली. पण अंगणातली रांगोळी मोडलेली नाही. दहा बाय दहाच्या चौकोनात मधल्या तिरप्या ओळीत दहा ठिपके येतात, अगदी नियमाप्रमाणे. गडबड एवढीच की एका घरात दहा मावत नाहीत. शून्य लिहायचा आणि हातचा एक पुढे द्यायचा. पुढच्या घरात नऊ ठिपके होते, हातचा धरून तेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्याच्या पुढच्या घरात आठ होते, ते नऊ झाले आणि तिथं हातचा थांबला. आठ गेला कुठं, तर हातचा घेऊन नऊ झाला.

ज्यांनी फक्त पायऱ्या पाठ केल्या होत्या त्या इथं फसल्या. ज्यांना ठिपके माहीत होते त्यांना कळलं. मैत्रिणींनो, आपल्याकडे पैसे दामदुप्पट करून देणारे येतात. महिन्याच्या महिन्याला व्याज हातात पडतं, नऊ महिने पडतं, आणि आपण म्हणतो दहाव्यालाही पडणार. तेव्हा विचारायचा प्रश्न हाच: हे पैसे येतात कुठून? ठिपके दाखवा. कुणाचा धंदा, कुठलं पीक, कुठला माल? जो सांगत नाही, त्याचे नऊ हप्ते वेळेवर आले म्हणून दहावा येईल असं धरू नका.

दहा एकांच्या उत्तराकडे परत येऊ. त्याच्या अंकांची बेरीज करा. ८२ येते. ठिपके मात्र १०० होते. अठरा ठिपके कमी कसे? हातचे दोन होते. प्रत्येक हातच्याला एका घरातले दहा ठिपके उचलले आणि पुढच्या घरात एकच ठेवला. म्हणजे दर हातच्याला नऊ कमी. दोन हातच्यांना अठरा. ही एवढी एक गोष्ट नीट कळली की जुन्या शाळेत शिकवायचे तो ‘नऊचा ताळा’ कळला. ज्यांनी पावकी-निमकी पाठ केली असेल त्या आजींना ताळा आठवत असेल. बेरीज करताना हातचे कितीही आले, तरी अंकांच्या बेरजेत फरक पडतो तो नवाच्या पटीतच.

उदाहरण घ्या. २७५, ३४० आणि १८५ यांची बेरीज ८००. ताळा असा: दोन-सात-पाच चौदा, एक आणि चार पाच. तीन-चार-शून्य सात. एक-आठ-पाच चौदा, म्हणजे पाच. पाच, सात, पाच सतरा, एक आणि सात आठ. आणि उत्तर ८००, त्याचाही आठ. जुळलं. जुळलं नाही तर बेरीज नक्की चुकली आहे. जुळलं तर बहुतेक बरोबर आहे, पण शंभर टक्के नाही. कारण ८०० च्या जागी ०८० लिहिलं तरी ताळा आठच देतो. अंकांची अदलाबदल ताळ्याला दिसत नाही.

दिसत नाही खरी, पण ती मागे खूण ठेवते. हे ऐका, कारण यासाठीच आम्ही आज ही संख्या घेऊन आलो. एका बचत गटात मासिक सभेला पेटीतले पैसे मोजले, तर वहीपेक्षा ६३ रुपये कमी भरले. रक्कम लहान, पण पेटीची किल्ली एकीकडे असते आणि सगळ्या नजरा तिच्याकडे वळतात. ती म्हणाली, मी एक पैसा घेतला नाही. कुणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागतं. चहा आला तो तसाच थंड झाला. एकीनं तर सांगून टाकलं, जाऊ द्या, सगळ्याजणी मिळून सहा-सहा रुपये काढू. किल्लीवाली ताई म्हणाली, नको. आज वर्गणी काढाल आणि जन्मभर मला चोर धराल.

तिथल्या एका पोरीनं, बारावी झालेली, आईबरोबर सभेला आली होती, तिनं विचारलं, ६३ ला नवानं भाग जातो ना? नऊ सत्ते त्रेसष्ट. मग वहीत असा आकडा शोधा ज्यात दोन शेजारच्या अंकांत सातचा फरक आहे. ८१ असेल, ९२ असेल, ७० असेल. वही उघडली, त्या महिन्याच्या पानावर बोट ठेवून एकेक नोंद वाचली. व्याजाच्या रकान्यात एका बाईच्या नावापुढे ९२ लिहिलं होतं. तिच्या पासबुकात होतं २९. पेटीत आले होते २९, वहीत लागले ९२. फरक ६३.

का होतं असं? २९ मध्ये दोन हा दशकाच्या घरात आहे, म्हणजे वीस. तो एकं च्या घरात सरकला की दोनच राहतो, अठरा कमी. नऊ मात्र एकं च्या घरातून दशकात गेला, नवाचे नव्वद झाले, एक्याऐंशी जास्त. एक्याऐंशीतून अठरा गेले, त्रेसष्ट उरले. अंक एक घर सरकला की त्याच्या नऊपट फरक पडतो. घर सरकलं की नऊ, हातचा गेला की नऊ, दोन्हींच्या मुळाशी दहाचा एक होणं हेच आहे. शून्य राहून गेलं तरी हीच खूण मिळते. ५०० च्या जागी ५० लिहिलं तर फरक ४५०, आणि ४५० ला नवानं भाग जातो. तेव्हा पेटी आणि वही जुळली नाही, तर आधी फरकाला नवानं भागून बघा. भाग गेला तर अदलाबदल किंवा सुटलेलं शून्य शोधा. भाग गेला नाही तर चूक दुसरी काही आहे, एखादी नोंदच राहिली असेल. भाग जाऊनही अदलाबदल सापडली नाही असंही होतं, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी वहीच्या पानाकडे बघायचं.

जाता जाता यंत्रांबद्दल. गटाचा साधा कॅल्क्युलेटर बहुधा बारा अंकांचा असतो. त्यावर नऊ एकांना नऊ एकांनी गुणा, उत्तर मावत नाही, तो ‘ई’ दाखवून मोकळा होतो. म्हणजे चूक. अंगणातल्या ठिपक्यांनी जे जमलं ते त्याला जमत नाही. संगणकावरचा एक्सेलचा तक्ता त्याहून धोक्याचा, कारण तो चूक झाली असं सांगतच नाही. आपली संख्या तिथं टाईप करा. तो पहिले पंधरा अंक ठेवतो आणि शेवटच्या दोघांच्या जागी शून्यं घालतो, १२३४५६७८९८७६५४३००. दोन आणि एक हे दोन अंक पुसले गेले आणि कुणाला पत्ताही नाही. पायऱ्यांची संख्या असल्यामुळे आपल्याला ते लगेच दिसलं. पण काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. त्यांच्यात अशा पायऱ्या नसतात. सोळावा अंक शून्य झाला तरी यादी दिसायला स्वच्छच दिसते, आणि अनुदानाचे पैसे अडकतात. म्हणून यादी टाईप करून घेताना सांगायचं, खाते क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणजे मजकूर असा ठरवून मगच आकडे भरा. आणि छापील यादी हातात आली की आपापल्या पासबुकाशी अंकन् अंक ताडून बघायचा. बऱ्याच जणींच्या क्रमांकाच्या शेवटी शून्य दिसलं तर सहीच करायची नाही.

आता घरचा अभ्यास. अकरा एकांना अकरा एकांनी गुणायचं आहे. कॅल्क्युलेटर नको, तो ‘ई’ दाखवणार. अंगणात अकरा बाय अकराचे ठिपके काढा, कोपऱ्यावर उभ्या राहा, तिरप्या ओळी मोजा आणि उजवीकडून एकेक घर भरत चला. हातचे किती आले ते बाजूला काडीनं लिहून ठेवा. ठिपके एकूण १२१. दर हातच्याला नऊ वजा करा, आणि मग आलेल्या उत्तराच्या अंकांची बेरीज त्याच्याशी जुळते का बघा. आम्हाला हातचे चार मिळाले आणि बेरीज ८५. तुमचे हातचे किती आले ते पुढच्या सभेत सांगा.